साठ कार्डांची मागणी आणि सहा वर्षांची चित्रकार

पत्र

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. काही महिन्यांपूर्वी आम्ही जखमी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका संस्थेत गेलो होतो. तिथे तिने तीन पायांचा एक कुत्रा पाहिला. घरी आल्यावर तिने त्याचे चित्र काढले, कागदाची घडी घातली, आत स्वतःचे नाव लिहिले आणि "हे विकून त्याला औषध आणू या" असे म्हणाली. आम्हाला फार कौतुक वाटले. पहिली दहा-बारा कार्डे नातेवाइकांनी हौसेने घेतली. मग माझ्या पतींनी कार्यालयात सांगितले आणि एकदम साठ कार्डांची मागणी आली.

त्यांपैकी वीसेक झाली आहेत. ती रोज संध्याकाळी बसते, पण "अजून किती?" असे विचारत राहते. कुत्रा दर वेळी अगदी तसाच, घाईघाईने काढते. कार्ड देण्यासारखे दिसावे म्हणून मी थोडे खोडून नीट करते. परवा कुत्र्याची शेपटी घडीवरून मागच्या बाजूला गेली म्हणून मी तिला दुसरा कागद घ्यायला लावला, तर ती रडली. पती म्हणतात की घेतलेले काम पुरे करायची सवय लागली पाहिजे. दर दहा कार्डांमागे एक बक्षीस ठेवावे, किंवा चुलतभावाला सोबत बसवून दोघांत चढाओढ लावावी. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला कामाला जुंपू नका. मी छापील आकृत्या आणून तिला फक्त रंग भरायला द्यावेत का? की हे सगळे थांबवावे? संस्थेला आम्ही अजून काही कळवलेले नाही.

— एक आई

उत्तर

तुमच्या सासूबाईंचे म्हणणे मला पटते आणि तुमच्या पतींचेही निम्मे पटते. घेतलेले काम पुरे केले पाहिजे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच आहे की हे काम घेतले कोणी? कुत्र्याचे चित्र काढणे, ते विकण्याची कल्पना आणि पहिली दहा-बारा कार्डे, इथपर्यंतचे सगळे तुमच्या मुलीचे आहे. साठ कार्डांना होकार मात्र एका मोठ्या माणसाने इतर मोठ्या माणसांना, आणि बहुधा तिला न विचारता, दिलेला आहे. तेव्हा शब्द पाळायचा असेल तर तो त्या मोठ्या माणसाने पाळायचा. मुलीला ही सवय लागावी असे तुमच्या पतींना खरोखर वाटत असेल, तर उरलेली कार्डे पुरी करायला ते स्वतः बसलेले तिला दिसू द्या.

म्हणून कार्डे थांबवू नका, मुलीचे काम थांबवा. चित्र तिचे राहील आणि ते साठ जणांपर्यंत पोहोचवण्याचे सगळे कष्ट, म्हणजे प्रती काढणे, कापणे, घड्या घालणे, पाकिटे भरणे, पैसे गोळा करणे आणि हिशेब ठेवणे, घरातली मोठी माणसे घेतील.

अशी वाटणी करण्यात तिची काही फसवणूक होते किंवा कार्डाची किंमत कमी होते, असे मानण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युनिसेफ या बालकल्याण संस्थेची शुभेच्छापत्रे जगभर विकली गेली आणि त्यांतून मुलांसाठी निधी उभा राहिला, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या कार्डांची सुरुवात सात वर्षांच्या एका मुलीच्या चित्रापासून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने युरोपातील मुलांना दूध आणि इतर मदत पोहोचवली होती. ती मदत मिळालेल्या चेकोस्लोव्हाकियातील एका खेड्यात जित्का साम्कोवा ही मुलगी राहत होती. तिने आभार मानण्यासाठी मधोमध उभारलेल्या खांबाभोवती फेर धरून नाचणाऱ्या मुलांचे चित्र काढले, आणि कागदाची टंचाई असल्यामुळे ते काचेवर रंगवले. ते चित्र शाळेमार्फत संस्थेपर्यंत पोहोचले आणि १९४९ मध्ये त्याचे कार्ड छापले गेले; तेच युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र. या हकिकतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब अशी की जित्काने ते चित्र विक्रीसाठी काढलेले नव्हते आणि ते तिने एकदाच काढले. त्याच्या प्रती काढणे हे छापखान्याचे काम होते. तिला तेच चित्र साठ काचांवर रंगवायला बसवले असते, तर काय झाले असते याची कल्पना तुम्ही आज करू शकता, कारण तुमच्या घरात संध्याकाळी तेच चालू आहे.

आता त्या शेपटीकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला तेच वाटले. मुलांच्या चित्रकलेचा सखोल अभ्यास करणारे कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी चित्रविकासाचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण चार ते सात वर्षे हा काळ असा आहे की रेघोट्यांच्या पलीकडे जाऊन मूल ओळखू येण्याजोगे आकार काढू लागते, पण त्या आकारांचा लहानमोठेपणा डोळ्यांना दिसणाऱ्या मापावर बेतत नाही. जे मनाला महत्त्वाचे वाटते ते मोठे होते, जे महत्त्वाचे नाही ते लहान होते किंवा राहूनच जाते. रंगही वस्तूचा असतोच असे नाही. मनात येईल तो किंवा हाताशी असेल तो रंग वापरला जातो. याच वयाच्या आगेमागे मुले घराच्या भिंतीआडची माणसे आणि पोटातले बाळसुद्धा काढतात, कारण दिसते त्यापेक्षा जे माहीत आहे ते काढण्याकडे त्यांचा ओढा असतो. हे सारे लक्षात घेऊन त्या चित्राकडे पुन्हा पाहा. तीन पायांच्या कुत्र्याची शेपटी घडी ओलांडून मागच्या पानावर जाण्याएवढी लांब का झाली, हे मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही विचारल्याशिवाय कळणार नाही. कदाचित तो कुत्रा पाय नसतानाही जोरजोरात शेपटी हलवत होता आणि तिच्या लक्षात तेच राहिले असेल. कदाचित शेपटी काढताना हाताला नुसती मजा आली असेल. दोन्ही कारणे तेवढीच चांगली आहेत. घडी ही कार्डाची गरज आहे, चित्राची नाही; आणि सहा वर्षांच्या मुलीला तिच्या चित्रापेक्षा घडी महत्त्वाची आहे असे सांगितले गेले, म्हणून ती रडली.

तो कागद घरात अजून असेल तर शोधून काढा. माझ्या मते साठ कार्डांवर छापण्याजोगे चित्र तेच आहे. कार्ड उघडे पसरले की पुढचे आणि मागचे पान हे एकच लांब पान असते. त्यावर ते चित्र सलग छापले की कुत्रा पुढच्या बाजूला राहील आणि शेपटी घडीवरून वळून मागे जाईल. कोणत्याही चांगल्या कार्ड-चित्रकाराला ही कल्पना सुचली असती तर तो खूश झाला असता. अर्थात चित्र तिचे आहे, तेव्हा तिला आधी विचारा. "हे चित्र आपण सगळ्यांच्या कार्डांवर छापू का, की तुला दुसरे द्यायचे आहे?" असे दोन पर्याय समोर ठेवून विचारले तर ती बरोबर निवडेल. नको म्हणाली तर आतापर्यंतच्या चित्रांपैकी, विशेषतः मागणी येण्यापूर्वीच्या पहिल्या चित्रांपैकी, एखादे तिला निवडू द्या. मूळ चित्र कोणालाही विकू नका. तारीख घालून ते घरीच ठेवा.

खोडून नीट करणे आजपासून बंद करा. तुमचा हेतू चांगला होता, हे मला कळते. लोक पैसे देणार, तर वस्तू नीटनेटकी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण घेणाऱ्यांनी सहा वर्षांच्या मुलीचे चित्र मागितले आहे आणि तुम्ही सुधारलेले चित्र हे त्यांनी मागितलेले चित्र नव्हे. शिवाय खोडरबर तुमच्या हातात गेला की चित्र बरोबर आहे की चूक हे आई ठरवणार, एवढे मुलीला नक्की कळते. मग चूक होऊ नये म्हणून हात एकदा जमलेलीच आकृती पुन्हापुन्हा काढतो. तुम्ही लिहिता तो "अगदी तसाच" कुत्रा मला यामुळेही आला असावा असे वाटते, केवळ कंटाळ्यामुळे नव्हे. इथे एक खुलासा करायला हवा: या वयात मुले आपणहून तोच तो आकार शेकडो वेळा काढतात आणि त्यात वावगे काही नाही, तो त्यांचा सराव असतो. पण अशा आपणहून केलेल्या पुनरावृत्तीत दर वेळी काहीतरी नवे शिरते, कधी कुत्र्याला टोपी येते, कधी शेजारी दुसरा कुत्रा उभा राहतो. तुमच्या मुलीच्या कार्डांत तसे काही शिरेनासे झाले आहे आणि वर ती "अजून किती?" असे विचारते आहे, यावरून हा सराव नसून उरकणे आहे हे ओळखावे.

छापील आकृत्यांबद्दल माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. रंगभरणाच्या पुस्तकांना लोवेनफेल्ड यांचा ठाम विरोध होता. तयार रेषेच्या आत रंग भरण्याची सवय लागलेले मूल स्वतःच्या रेषेवर विश्वास ठेवेनासे होते, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांच्याइतकी कडक भूमिका घेणार नाही. पावसाळी दुपारी एखादे पान रंगवून कोणाचे नुकसान होत नाही. पण ज्या कार्डाचे सारे मोल त्यातल्या वाकड्या रेषेत आहे, त्यावरची रेषाच बाजारातून आणली तर विकायला उरते काय? तेवढ्यासाठी मुलीला संध्याकाळी बसवून ठेवणे तर त्याहून वाईट.

बक्षिसाचा प्रश्न थोडा नाजूक आहे, कारण तुमचे पती जे सुचवतात ते बहुतेक घरांत चालते आणि वरवर पाहता त्याचा उपयोगही होतो. याविषयी मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पुष्कळदा सांगितला जातो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील, मुळातच चित्रांची आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी घेतली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिले. आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी बालवाडीत चित्राचे साहित्य मोकळे ठेवले, तेव्हा बक्षिसाचे वचन मिळालेली मुले इतर दोन्ही गटांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रेही परीक्षकांना उणी वाटली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे अपाय होतो तो वस्तू देण्याने नव्हे, तर "इतके कर, मग देईन" या सौद्याने. तुमच्या मुलीने चित्राचा सौदा केला नव्हता; तिला कुत्र्याला औषध आणायचे होते. दर दहा कार्डांमागे बक्षीस ठेवले की कुत्रा मागे पडेल आणि तिचे लक्ष दहाच्या आकड्यावर जाईल. सगळे झाल्यावर, आधी काही न बोलता, तिला चांगल्या रंगांची पेटी आणून दिलीत तर मात्र माझी काही हरकत नाही.

चढाओढीचेही तेच. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये सात ते अकरा वर्षांच्या मुलींवर केलेल्या अभ्यासात, बक्षिसासाठी स्पर्धा आहे असे सांगितलेल्या मुलींची कागद-चिकटकामाची चित्रे, ज्यांची बक्षिसे चिठ्ठ्या टाकून ठरणार होती त्या मुलींच्या चित्रांपेक्षा कमी कल्पक ठरली. चुलतभाऊ यायचा असेल तर जरूर येऊ द्या आणि त्याला मांजर काढायचे असेल तर मांजर काढू द्या. फक्त कोणी किती काढली हे मोजू नका.

आता मोठ्यांच्या कामाचे थोडे तपशील, कारण कष्ट तुम्ही घ्या असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. चित्र स्कॅन करताना किमान ३०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला तितके ठिपके) ठेवा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, फोन कागदाला अगदी समांतर धरून छायाचित्र घ्या. जरा तिरके झाले की चौकट वाकडी येते. मुलीचा कागद ए-४ असेल तर तो सुमारे ७१ टक्क्यांवर आणला की ए-५ होतो. या मालिकेतील सर्व कागदांचे लांबी-रुंदीचे प्रमाण एकच असल्यामुळे चित्र कुठेही कापावे लागत नाही. ए-५ मधोमध दुमडला की १०५ बाय १४८ मिलिमीटरचे, म्हणजे ए-६ आकाराचे कार्ड तयार होते आणि ते सी-६ पाकिटात नीट बसते. ए-४ च्या एका जाड पानात अशी दोन कार्डे निघतात, म्हणजे उरलेल्या चाळीस कार्डांना वीस पाने आणि वर दोन-चार बिघडण्यासाठी. कागद २०० ते २५० जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाच्या) आसपासचा पुरतो. त्याहून जाड कागद घरच्या प्रिंटरमध्ये बहुधा अडकतो, तेव्हा छपाई बाहेरून करून घ्यावी.

घडीकडे मात्र खास लक्ष द्या, कारण घरी केलेले कार्ड बिघडते ते तिथेच. कागदातल्या तंतूंना एक दिशा असते. घडी त्या दिशेला समांतर असली की स्वच्छ बसते. आडवी असली की जाड कागदाची कड फुटते आणि छपाईचा रंग उडून पांढरी रेघ दिसते, आणि तुमच्या बाबतीत ती नेमकी शेपटीवर येईल. पान हातात धरून आधी उभे आणि मग आडवे हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने ते सहज वाकते, तंतू त्या घडीला समांतर आहेत असे समजावे. त्यानंतर पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने घडीची रेघ दाबून घ्या आणि मग दुमडा. मुलीने चकाकते स्केचपेन वापरले असतील तर ते रंग छपाईत थोडे मंद येतील, कारण चार शाईंच्या मिश्रणातून ते तंतोतंत निघत नाहीत. म्हणून आधी एकच प्रत काढून तिला दाखवा. "हा हिरवा माझा नाही" असे ती म्हणण्याची शक्यता आहे, आणि ते म्हणण्याचा तिला हक्क आहे.

तिला या सगळ्यातून अजिबात बाहेर काढावे, असे मी म्हणत नाही. पाकिटावर ठसा उमटवणे, घडी घातलेली कार्डे पाकिटात सरकवणे, आत स्वतःचे नाव लिहिणे यांतले तिला आवडेल ते, आवडेल तितका वेळ, ती करू शकेल. नाव लिहायचे झाले तर पाच-दहा कार्डांवर लिहून ती उठून गेली तरी चालेल. बाकीच्यांवर चित्रासोबत छापलेली तिची सही असेलच. कार्डावर फक्त पहिले नाव आणि वय एवढेच द्या. आडनाव, शाळा किंवा तिचे छायाचित्र देऊ नका, कारण कार्ड पुढे कोणाकोणाच्या हातांत जाईल हे आपल्याला सांगता येत नाही.

तिच्या चित्रांविषयी घरात काय बोलावे, हेही या निमित्ताने सांगतो. सतत "किती सुंदर!" असे म्हटले की तिला थोड्याच दिवसांत त्या शब्दांची सवय लागते आणि ते मिळाले नाहीत तर चित्र फसले असे वाटते. "हे काय आहे?" असे विचारले तर तिला ओळखू न आल्याचा अपमान वाटतो. त्याऐवजी समोर जे दिसते तेच बोलावे: "इथे तू रंग खूप दाबून दिला आहेस", "हा कुत्रा कोपऱ्यात उभा आहे", "या शेपटीची गोष्ट सांगशील?" मूल सांगू लागले की ऐकून घ्यावे आणि सांगायचे नसेल तर विषय सोडून द्यावा.

संस्थेला आधी कळवायला हवे होते, आता लगेच कळवा. कोणत्याही संस्थेच्या नावाने पैसे गोळा करताना तिची संमती लागते, मग रक्कम कितीही लहान असो. नाव किंवा बोधचिन्ह कार्डावर छापायचे असेल तर तेही त्यांना विचारूनच. रक्कम कोणत्या पद्धतीने द्यावी, पावती कशी मिळेल आणि त्यांना सध्या नेमकी कशाची निकड आहे, हेही विचारा. प्राण्यांच्या अशा संस्थांना पैशांबरोबरच जुने टॉवेल, चादरी आणि वर्तमानपत्रे यांची पुष्कळदा गरज असते, आणि औषधाची बाटली किंवा जुना टॉवेल या गोष्टी सहा वर्षांच्या मुलीला रकमेपेक्षा चांगल्या समजतात. छपाईचा आणि पाकिटांचा खर्च विक्रीतून वजा करणार आहात की घरातून देणार आहात, ते एकदा ठरवा आणि घेणाऱ्यांना सांगा. मी तुमच्या जागी असतो तर घरातून दिला असता, म्हणजे मुलीला "सगळे पैसे कुत्र्याकडे गेले" असे खरेखुरे सांगता येते.

संस्थेशी बोलताना त्या कुत्र्याची चौकशी अवश्य करा, पण मुलीच्या समोर नको. त्याला कोणी घरी नेले असेल, तो तिथेच असेल किंवा कदाचित राहिला नसेल. उत्तर काहीही असले तरी तिने विचारले तर खरे तेच, थोडक्या शब्दांत सांगावे. कार्डांमुळे तो बरा झाला असे खोटे श्रेय तिला देऊ नये. उद्या एखादा प्राणी बरा झाला नाही तर तो आपण कमी कार्डे केली म्हणून, असा हिशेब मुले मनातल्या मनात मांडतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. "तिथल्या डॉक्टरांना औषधे आणायला आपले पैसे उपयोगी पडतील" इतके पुरे आहे, आणि ते खरेही आहे.

राहता राहिले घेणारे. त्यांनी हाताने काढलेले कार्ड मिळेल या समजुतीने नाव नोंदवले आहे, त्यामुळे बदल त्यांच्यापासून लपवू नये. तुमच्या पतींनीच सर्वांना असा निरोप पाठवावा: "साठ कार्डे हाताने काढणे सहा वर्षांच्या मुलीला जास्त होते, हे आमच्या लक्षात आले आहे. म्हणून तिने काढलेले एक चित्र छापून आम्ही घरी कार्डे तयार करत आहोत. पूर्ण रक्कम संस्थेला जाईल आणि पावतीची प्रत आपल्याला पाठवू. ज्यांना हे चालणार नसेल त्यांनी निःसंकोच कळवावे." दोन-चार जण नको म्हणतील, तर म्हणोत. जे अजूनही हाताने काढलेल्या कार्डाचा आग्रह धरतील त्यांना मुलीपर्यंत येऊ न देता तिथल्या तिथे नकार द्यावा.

तयार असलेल्या वीसेक कार्डांपैकी जी तुम्ही हात लावण्यापूर्वीची, निखळ तिची आहेत, ती कोणाला द्यायची हे तिच्यावर सोपवा. तिला एखादे ठेवून घ्यावेसे वाटले तर ठेवू द्या आणि त्या जागी छापील कार्ड घाला. तुम्ही दुरुस्त केलेली मात्र विकू नका, बाजूला काढा; त्यांच्या जागी छापील कार्डे द्या आणि तेवढी पाने वर सांगितलेल्या वीस पानांखेरीज धरा. उरलेल्या छपाईसाठी ठरलेल्या तारखेला थोडा उशीर होणार असेल तर तेही वरच्याच निरोपात लिहा, आणि आज संध्याकाळी तिच्यासमोर कार्डांचा गठ्ठा न ठेवता नुसते कोरे कागद ठेवा. तिने काहीच काढले नाही, तरी चालेल.